बहिऱ्यांची ओळ

माजी सैनिकांच्या शिबिराचा अर्ज देल्फिनानं कुणाला न विचारता भरला होता, आणि या घरात कुणाला न विचारता झालेली कामं शेवटी आसुन्ताच्या गळ्यात पडत. गुरुवारी सकाळी सातच्या आत तातयांना, देल्फिनाच्या वडलांना, इस्त्रीचा सदरा घालून, छातीवर कोरियाच्या लढाईचं पदक टाचून बास्केटबॉलच्या मैदानावर हजर करायचं, हे बुधवारी दुपारी जेवताना ठरलं. ठरवलं देल्फिनानं, मान डोलावली रोमुलोनं आणि करायचं होतं आसुन्तानं.

देल्फिना तातयांची मधली मुलगी, प्राथमिक शाळेत वीस वर्षं मास्तरीण. रोमुलो थोरला, गावातल्या ट्रायसिकल-रिक्षावाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. धाकटा एर्नानी मालवाहू जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यावर. त्याची बायको आसुन्ता सतरा वर्षं या समुद्रकाठच्या घरात सासऱ्यापाशी राहत होती. सासूबाई गेल्यापासून तर दोघंच.

"तातय!" देल्फिना बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली. "माजी सैनिक कार्यालय मशीन देतंय! कानाची! जर्मन!"

"नको," तातय, म्हणजे होबितो फाउलान, म्हणाले आणि माशाचं डोकं सोलण्यात गुंतले.

"का नको?"

"असंच."

"पंखासुद्धा नको म्हणाले होते," रोमुलो बहिणीला साध्या आवाजात म्हणाला. "आता त्याच्यापुढून हलत नाहीत."

"त्यांना हवंय की नको हा प्रश्नच नाही, मानोंग." थोरल्या भावाला मानोंग म्हणणाऱ्या देल्फिनानंही आवाज खाली आणला. "वकील काय म्हणाला? घराची जागा आणि मागची माडांची जमीन त्या हॉटेलवाल्याला विकायची, तर खरेदीखत तातयांना वाचून दाखवावं लागेल, आणि ते त्यांना ऐकू आलं पाहिजे. बहिऱ्याची सही घ्यायला तो तयार नाही. म्हणून मशीन. एकदा ऐकलं, एकदा सही केली, की मशीन जाऊ दे कपाटात."

"आणि तातय?"

"सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. पावसाळ्यात तुझ्याकडे."

"पावसाळ्यात का माझ्याकडे?"

"तुझं छप्पर नवीन आहे."

"आणि आसुन्ता?"

"तिला तिचं माहेर आहे की."

आसुन्ता चार पावलांवर चुलीपाशी भाजीचा रस्सा ढवळत होती. ती काही बहिरी नव्हती, पण या घरात सुनेपुढे काही बोलायला कुणाला संकोच वाटत नसे. तातयांनी माशाची थाळी मुलीपुढे सरकवली. देल्फिनानं त्यातला पोटाकडचा तुकडा उचलला आणि म्हणाली, "बिचारे. काही कळत नाही, एका परीनं सुखी आहेत."

*

मैदानावर मंडप होता, बँड होता, आणि कार्यालयाचे पाबियोना साहेब हातात भोंगा घेऊन फिरत होते. साहेब मनिलाहून आले होते आणि व्यवस्था त्यांनी स्वतः आखली होती. पहिली ओळ कानांची, दुसरी डोळ्यांची, तिसरी हातापायांची. चौथ्या ओळीपुढे फलक होता: 'मृत सैनिकांनी इथे उभे राहावे.' तिथं विधवा उभ्या होत्या, ध्वज आणि दफनाच्या जागेचे कागद घेऊन. एक बाई तिथल्या कारकुनाशी भांडत होती की आपला नवरा जिवंत आहे, हा काय शेजारी उभा आहे. कारकून नवऱ्याला अगदी अदबीनं सांगत होता, "काका, तुम्ही या ओळीत थांबू नका. जिवंत लोकांची सोय तिकडे आहे."

"पण कागदावर मी मेलोय ना?"

"हो, पण तुम्ही स्वतः आलात. मृताच्या वतीनं नातेवाईकानं यायचं असतं."

नातवंडाच्या शिक्षणासाठी वेगळं टेबल होतं, सैनिकी दवाखान्यात खाट मिळवण्यासाठी वेगळं, आणि कुठल्या टेबलावर जायचं ते विचारण्यासाठी आणखी एक. तिथली ओळ सगळ्यांत लांब होती.

कानांच्या ओळीत आसुन्ता तातयांना धरून उभी राहिली. देल्फिना आणि रोमुलो पुढेमागे. तातय मान खाली घालून होते. एकदा त्यांनी आसुन्ताकडे पाहिलं. दात काढायला नेलेला माणूस बघतो तसं. तिला वाटलं, मशीनला घाबरले. तिनं त्यांचा हात थोपटला.

टेबलामागे चष्मेवाली एक मुलगी तपासणीचं यंत्र घेऊन बसली होती. तिनं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं दाखवलं: 'आवाज आला की हात वर करा.' तातयांनी वाचलं, सुस्कारा सोडला, आणि कानांवर ते काळे गोळे चढवून घेतले.

हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. मुलीनं बटण फिरवलं. हात वर. आणखी फिरवलं. हात वर. तिनं स्वतःचा चष्मा काढून पुसला. "इतका बारीक आवाज मलासुद्धा येत नाही," ती म्हणाली.

"अंदाजानं करतायत," देल्फिना म्हणाली. "तातयांचा अंदाज भारी. घरात भात उतू गेला तर वासावरून ओळखतात. पोस्टमन आलेला वासावरून ओळखतात."

मुलीनं तातयांच्या कानांवरचे गोळे काढले, त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, नाव काय तुमचं?"

"होबितो फाउलान," तातय समोर बघत म्हणाले. "तोफखाना."

आसुन्ताच्या हातातून छत्री पडली. बँड वाजत होता, भोंगा ओरडत होता, तरी छत्री पडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. आणि तातयांनी वळून छत्रीकडे पाहिलं.

सतरा वर्षं, तिच्या मनात आलं. देवा. सतरा वर्षं.

रोमुलोचं तोंड उघडंच राहिलं होतं. देल्फिना मोजत असावी तशी बोटं हलवत होती. एवढ्यात पाबियोना साहेब आले आणि हातभर अंतरावरून भोंग्यातून गरजले, "काय अडचण आहे?"

"साहेब, ते खाली घ्या," तातय कानावर हात ठेवत म्हणाले. "मला ऐकू येतं."

"सगळेच असं म्हणतात!" साहेबांनी फाइल उघडली. "हे बघा. 'कायमचे व संपूर्ण बहिरेपण, दोन्ही कान.' एकोणीसशे त्रेपन्न. कायमचे म्हणजे कायमचे, आजोबा. ते बरं होत नसतं. बरं झालं तर त्याला तात्पुरतं म्हणतात, आणि तात्पुरत्याचा फॉर्म वेगळा. तो तुम्ही भरलेला नाही."

"ते बहिरेपण माझं नाहीच. उल्दारिकोचं आहे. कोरियाहून परत येताना जहाजावर आमच्या खाटा शेजारी होत्या. कारकुनानं कागद उलटे लावले. माझा गुडघा फुटला होता."

"मग कळवलं का नाही?"

"तीनदा कळवलं. तीनदा मनिलाला तपासायला बोलावलं. डॉक्टर कानाशी येऊन ओरडला, 'ऐकू येतं का?' मी म्हटलं, येतं. त्यानं लिहिलं, 'अतिशय मोठ्यानं ओरडल्यास ऐकू येते.' आणि शिक्का मारला. तिसऱ्यांदा मी सोडून दिलं."

साहेबांनी यंत्राकडे संशयानं पाहिलं. "हे यंत्र बिघडलंय. एखादा चांगल्या कानांचा माणूस बसवून बघा. हातापायांच्या ओळीतला."

तिसऱ्या ओळीत उल्दारिको होताच, नव्या कुबड्या न्यायला. त्याच्या फाइलमध्ये 'कान उत्तम, डावा गुडघा निकामी' असं लिहिलं होतं. कार्यालय त्याला दर पाच वर्षांनी कुबड्यांचा जोड देई आणि तो त्यावर वालाचे वेल चढवी. साहेबांनी भोंग्यातून त्याचं नाव तीनदा पुकारलं. तो बँडवाल्यांकडे बघत उभा होता. शेवटी त्याच्या बायकोनं बाही धरून, तुरुतुरु चालणाऱ्या त्याच्या दोन्ही पायांनिशी त्याला आणून खुर्चीवर बसवलं. मुलीनं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गोळ्यांतली किंकाळी आजूबाजूच्यांना ऐकू आली. उल्दारिको हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत हसत राहिला.

"झालं!" साहेब म्हणाले. "बहिऱ्याला ऐकू येतं आणि ऐकणाऱ्याला येत नाही. यंत्राच्या तारा उलट्या लागल्यात. मनिलाला परत पाठवा."

मुलीनं साहेबांकडे पाहिलं आणि यंत्र पेटीत भरलं.

पाच मिनिटांत सह्या-शिक्के झाले. होबितो फाउलान यांना कानाची मशीन, उल्दारिको यांना कुबड्या. तातय लंगडत मंडपाबाहेर आले, मित्राला बाकावर बसवलं आणि स्वतःच्या डबीतली मशीन काढून त्याच्या कानात बसवली. खटका दाबला. उल्दारिको दचकला.

"हा कसला गोंगाट?"

"बँड."

"इतकी वर्षं हेच वाजवतायत?"

मग मागून त्याची बायको म्हणाली, "अहो, दुखत नाही ना?" आणि तो वळला. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "तुझा आवाज असा झाला होय," तो म्हणाला.

तातयांनी उल्दारिकोच्या नव्या कुबड्या काखेत घेतल्या, दोन पावलं टाकून पाहिली आणि घराच्या रस्त्याला लागले. गेल्या कित्येक वर्षांत आसुन्तानं त्यांना इतकं झपझप चालताना पाहिलं नव्हतं.

*

जेवायला चौघं बसले. प्रत्येक जण आपापलं आठवत होता. आसुन्ताला ते रोमुलोच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वीस वर्षं मागे गेला, घाबरला, आणखी मागे गेला, जास्तच घाबरला.

"नानायला माहीत होतं?" शेवटी त्यानं आईविषयी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," तातय म्हणाले. "मी यायच्या आधी तार आली होती, मुलगा बहिरा झाला म्हणून. धक्क्यावर अख्खं गाव ओरडायला आलं होतं. मी सांगत होतो, ऐकू येतं, तर लोक रडायला लागले. म्हणाले, बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. लग्न झाल्यावर तुमची आई म्हणाली, राहू द्या. सासूबाईंच्या पुढे तुम्ही बहिरेच बरे."

"आणि आम्हाला सांगावंसं वाटलं नाही?" देल्फिनाचा आवाज चिरकला.

"तू चार वर्षांची असताना सांगितलं होतं. तू म्हणालीस, 'काय?' आणि माझ्या कानात ओरडलीस. तुला ओरडायला फार आवडायचं."

देल्फिनानं रुमाल काढला. ती रडणार असं वाटत असतानाच रोमुलो घाईघाईनं म्हणाला, "जमिनीची कल्पना माझी नव्हती हं, तातय. तुम्ही ऐकलंच असेल."

"मग त्या हॉटेलवाल्याला घरी कुणी आणलं?" देल्फिनाचं रडू जागच्या जागी थांबलं.

"मी नुसता ट्रायसिकलमधून सोडलं त्याला!"

"आणि वाटेत जमीन दाखवलीस!"

"पावसाळ्यात तातयांना माझ्याकडे ढकलायचं कुणी ठरवलं? छपराचं कारण काढून?"

"तू तर उन्हाळ्यातही नको म्हणाला होतास! स्वयंपाकघरात! तातय तिथं भोपळा चिरत होते!"

दोघांनी एकदम तातयांकडे पाहिलं. तातय शांतपणे भात कालवत होते. आसुन्ताला हसू आवरेना म्हणून ती पाण्याचा जग आणायला उठली, आणि तीच चूक झाली. उठणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. भांडणारे बहीणभाऊ क्षणभर थांबले आणि एकाच वेळी एकाच बाजूला झाले.

"आम्ही महिन्यातून दोनदा येतो," देल्फिना सावकाश म्हणाली. "ही चोवीस तास इथं असते. आणि एकटीच बडबडत असते त्यांच्यापाशी. मी पाहिलंय."

"खरंच," रोमुलो म्हणाला. "आमच्याविषयी काय काय कानात भरलं असेल."

"काय सांगत असतेस गं तू त्यांना?"

आसुन्तानं जग उचलला. देल्फिनाविषयी तर ती सांगतच असे, रोज काही ना काही, पण त्याची तिला भीती नव्हती. भीती पत्रांची होती. एर्नानी वर्षातून दोन पत्रं लिही, तीही बायकोला, चार ओळींची. बापासाठी त्यात शब्द नसे. पहिल्याच वर्षी म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना, म्हणून तिनं कागद हातात धरून मनानं पत्र रचलं आणि त्यांच्या कानात ओरडून वाचलं. प्रिय तातय, इथं बंदरात मोठे मोठे मासे मिळतात, तुमची आठवण येते. मग दर महिन्याला एक पत्र येऊ लागलं. आणि वाचून झालं की ती मासे साफ करायला बसे आणि साध्या आवाजात म्हणे, देवा, आज पुन्हा खोटं बोलले, त्यानं एक ओळही लिहिलेली नाही. गेल्या मार्चमध्ये तर तिनं आणखी सांगितलं होतं. एर्नानीच्या बॅगेच्या अस्तरात सापडलेल्या फोटोचं. सान्तोस या दूरच्या परदेशी बंदरातली बाई, कडेवर दोन वर्षांचा मुलगा, आणि मुलाचं नाक हुबेहूब फाउलानांचं. ते तिनं जगात फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं, कारण त्याला ऐकू येत नव्हतं.

देल्फिनाचा या धाकट्या भावावर फार जीव. तिला हे कळलं असतं, तर फोटो आसुन्तानंच काढून आणला असं ठरलं असतं.

"तातय," देल्फिना बापाकडे वळली. "आसुन्ता तुम्हाला काय सांगायची?"

तातयांनी मान वर केली. आसुन्ताकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि मग सावकाश उजवा हात उचलून कानामागे धरला.

"काय?"

"आसुन्ता! तुम्हाला! काय सांगायची?"

"मोठ्यानं बोल, देल्फिना."

देल्फिना ओरडली. शेजारची कोंबडी कुंपणावरून उडाली. तातय कपाळाला आठ्या घालून, एकाग्र होऊन ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी मान हलवली.

"नाही येत गं ऐकू."

"तातय! आत्ता तर तुम्ही..."

"सरकारी कागद बघ. दोन्ही कान. आज साहेबांनी पुन्हा शिक्का मारून दिलाय. कायमचं आहे ते." त्यांनी ताटातला भात संपवला. "त्या वकिलालाही दाखव. मशीन होती, ती मी देऊन टाकली. आता खरेदीखत कुणी कितीही वाचलं तरी माझ्या कानात शिरायचं नाही."

रोमुलो आधी हसला. त्याचं त्यालाच कळलं नाही. देल्फिनानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचं हसू ठसक्यात बदललं. मग तिनं पर्स उचलली. दाराशी थांबून तिनं बापाकडे बोट केलं, पण बोलावं किती मोठ्यानं हे तिला ठरवता येईना, आणि ती तशीच निघून गेली. रोमुलो तिला ट्रायसिकलनं सोडायला गेला. वाटेत दोघं पुन्हा भांडू लागल्याचं वळणापर्यंत ऐकू येत होतं.

*

ऊन उतरल्यावर आसुन्ता मागच्या पायरीवर मासे घेऊन बसली. तातय आपल्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. नव्या कुबड्या शेजारी. खवले उडत होते. तिनं तीन मासे साफ केले, चार केले. इतक्या वर्षांत या पायरीवर ती पहिल्यांदाच गप्प बसली होती.

"सान्तोसला जानेवारीत बर्फ पडत नाही," तातय म्हणाले.

सुरी थांबली.

"तिथं तेव्हा उन्हाळा असतो, इंदाय, पोरी. तू पत्रात घातला होतास, आगबोटीच्या शिडीवर बर्फ. मी विचारणार होतो. पण म्हटलं, बहिऱ्यानं इतकं बारीक कसं ऐकावं."

आसुन्ता हसली, आणि मग हातात मासा तसाच धरून रडायला लागली. तातयांनी तिला रडू दिलं.

"मार्चमध्ये जे सांगितलंस..."

"नको, तातय."

"बरं, नको. एवढंच सांगतो. मी तेव्हा काही बोललो असतो, तर तू पुन्हा कधी बोलली नसतीस. म्हणून गप्प बसलो. ते बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. माझाच मुलगा आहे तो." त्यांनी खाऱ्या वाऱ्याकडे तोंड वळवलं. "घर कुठं जात नाही. तुला राहायचं असेल तर राहा, जायचं असेल तर माझी काळजी करू नकोस. तो सहा-सहा महिन्यांचा हिशोब मी दोघांनाही पाळायला लावीन."

ती नाक पुसत राहिली. जाईन की राहीन, हे तिलाच ठाऊक नव्हतं. पण तिला कुणी विचारलं होतं, एवढं तिच्या लक्षात आलं.

"आता मला तुमच्यापुढे काही बोलता यायचं नाही," ती म्हणाली. "मी बोलले की तुम्ही ऐकणार."

"मग काय, दोघंही गप्प बसायचं?"

"तुम्ही बोला. मी मासे करते."

तातय गोंधळले. काय बोलावं हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागला. लोकांनी त्यांना आजवर हो की नाही एवढंच विचारलं होतं, बाकी कुणी विचारलंच नव्हतं. मग ते म्हणाले, जहाजावर उल्दारिको झोपेत गायचा. त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं, म्हणून सूर कुठलेही लागायचे. पलीकडच्या खाटेवरचा एक जखमी कप्तान त्याला थांबवायला सांगायचा, पण सांगणार कसं, आणि शेवटी कप्तानच सोबत गायला लागला. मग थंडीचं सांगितलं, तोफेला हात चिकटायचा त्याचं. मग धक्क्यावर आलेल्या एका मुलीचं, जिनं बाकीच्यांसारखं ओरडायच्या ऐवजी हळूच विचारलं होतं, भूक लागलीय का. तिच्याशी त्यांनी दोन महिन्यांत लग्न केलं.

सांगता सांगता त्यांना जोर चढला. चार दशकं ओरडणाऱ्यांना उत्तरं देऊन त्यांचा आवाज डोंगराएवढा झाला होता. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, पलीकडच्या घरातली खिडकी उघडली, आणि वाटेनं जाणारे दोघं थांबून कुंपणावरून डोकावले. आसुन्तानं सुरी खाली ठेवली, त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोला, तातय," ती म्हणाली. "मला ऐकू येतं."